मिरजेची तारीख

सिस्टर, नमस्कार.

माझं वय ४१. सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते, पतसंस्थेत काउंटरला असते. मागच्या आठवड्यात आंघोळ करताना छातीला उजव्या बाजूला, काखेच्या जरा अलीकडे, सुपारीएवढी गाठ हाताला लागली. दुखत नाही. दोन दिवस गप्प बसले, मग आमच्या डॉक्टरीणबाईंना दाखवली. त्यांनी हाताने तपासलं आणि मिरजेच्या सर्जनच्या नावाने चिठ्ठी दिली. तिथली तारीख मिळाली ती बारा दिवसांनंतरची, गुरुवारची. नेमकी त्याच संध्याकाळी पुतणीची हळद आणि शुक्रवारी लग्न. मोठ्या जाऊबाईंचे गुडघे धरलेत, सगळं माझ्यावर आहे. वाटतं, लग्न पार पडू दे, मग निवांत जाऊ. पण रात्री झोप नाही. मोबाइलवर नको नको ते वाचत बसते. माझी मावशी स्तनाच्या कॅन्सरने गेली, तेव्हा ती साठीच्या पुढे होती. संस्थेत नाव न घेता सहज विषय काढला, तर एक बाई म्हणाल्या, सुई लावू देऊ नका, सुई लागली की पसरतं. मिस्टरांचा टेम्पो आहे, ते सारखे पुणे-मुंबई लाईनला असतात. त्यांना अजून बोलले नाही. बारा दिवस थांबलं तर चालेल का? सुई घ्यावी का? आणि जाताना उपाशीपोटी जायचं असतं का? धाकटी बहीण समजून अगं-तुगं करून लिहा.

— एक वाचक

*

तू म्हणतेस तर अगं-तुगंच करते. माझी नोकरी सर्जिकल ओपीडीत सिस्टर म्हणून झाली. मी डॉक्टर नव्हे. त्यामुळे तुझी गाठ कसली आहे हे मी सांगणार नाही, आणि नुसत्या पत्रावरून सांगणारं कुणी भेटलं तर त्याचंही ऐकू नकोस. पण या बारा दिवसांत काय करायचं, काय टाळायचं आणि मिरजेत गेल्यावर काय काय होतं, एवढं मला चांगलं ठाऊक आहे.

आधी तारखेचं. गुरुवार हलवायचा नाही. हळद संध्याकाळी आहे, ओपीडी सकाळी असते. पहिल्या एसटीने गेलीस तर हळदीच्या वेळेपर्यंत घरी येशील. समजा उशीर झाला, तर तुझ्याशिवायही हळद लागेल. पुतणी रुसणार नाही, आणि रुसलीच तर नंतर तिची समजूत काढता येईल.

"लग्न पार पडू दे" हे मी ओपीडीत इतक्यांदा ऐकलंय की पुढचं मला पाठ आहे. लग्नानंतर सत्यनारायण. मग पाचपरतावणं. मग नवरी माहेरपणाला येते. तेवढ्यात कुणाची तरी दहावी-बारावी निघते, नाहीतर मार्चअखेर येते आणि पतसंस्थेत रजा मिळत नाही. पुढे ढकललेली तारीख कधी आठवड्याने परत आलेली मी पाहिली नाही, ती येते तीन-चार महिन्यांनी. उशिरा आलेल्या बायका गाठ लपवत होत्या असंच दर वेळी नसतं. बऱ्याच जणी घरातली कामं उरकून आलेल्या असतात.

आता बारा दिवसांचं. तेवढं थांबलेलं चालतं. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्तनाच्या कॅन्सरवरच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. लक्षण जाणवल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत ज्या रुग्णांचे तीन ते सहा महिने गेले, त्यांचं जगण्याचं प्रमाण तीन महिन्यांच्या आत उपचार सुरू झालेल्यांपेक्षा कमी दिसलं. म्हणजे हा हिशेब महिन्यांचा आहे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतही संशयाची गाठ असेल तर दोन आठवड्यांत तज्ज्ञाने बघावं असा दंडक बरीच वर्षं होता. तुझे बारा दिवस त्यात बसतात. पण तोच हिशेब दुसऱ्या बाजूनेही बघ. गाठ लागल्यापासून उपचारापर्यंत तपासण्या असतात, रिपोर्ट असतात, आणखी एखादी तारीख असते. तुझ्याकडून ढकललेला प्रत्येक आठवडा त्यात वरून पडतो.

काही गोष्टी झाल्या तर मात्र गुरुवारपर्यंतही बसू नकोस. जागा लाल-गरम झाली, ताप भरला, पू दिसला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी जवळच्या डॉक्टरांकडे जा. तो गळू असू शकतो आणि त्याला वेळेवर औषध लागतं. बोंडातून रक्त आलं, कातडी ओढल्यासारखी किंवा संत्र्याच्या सालीसारखी दिसली, बोंड आत ओढलं गेलं, काखेतही काही लागलं, तर सर्जनच्या दवाखान्यात फोन करून तसं सांग आणि आधीची तारीख माग. एरवीसुद्धा रिसेप्शनवरच्या मुलीला सांगून ठेव, "कुणाची तारीख रद्द झाली तर मला बोलवा, मी तासाभरात निघू शकते." नुसता नंबर देऊन बसू नकोस, दोन-तीन दिवसांनी सकाळी परत फोन कर. अशा वेळी जरा चिकट झालेलं चांगलं.

त्याच फोनवर आणखी एक विचार. डॉक्टरांना सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, आधी करून आणलेली हवी आहे की ते बघून मग सांगणार? काही जण आधी मागतात आणि त्यात तुझी एक खेप वाचते. मधल्या काळात पाळी आली आणि गाठ बारीक वाटली, किंवा लागेनाशी झाली, तरी तारीख रद्द करायची नाही. चाळिशी ओलांडलेल्या बाईला नवी गाठ लागली की ती एकदा नीट तपासून घ्यायचीच असते.

जवळच्या माणसांना सांगशील तेव्हा पहिलं वाक्य येईल, "काही नसेल गं." मला हे वाक्य आवडत नाही. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, पण ऐकणारीचे पाय ते घरातच अडकवतं. खरं काय आहे ते ऐक. छातीतल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. विशी-तिशीत फायब्रोअॅडेनोमा नावाची गुळगुळीत, बोटाखालून सटकणारी गाठ फार दिसते. पस्तिशी ते पन्नाशीत पाण्याच्या गाठी होतात, त्यांना सिस्ट म्हणतात. मार लागून चरबी घट्ट होते, पाजणाऱ्या बाईला दुधाची गाठ होते, आपल्याकडे टीबीचीही कधीकधी निघते. हे सगळं खरं आहे. आणि हेही खरं, की २०२२ च्या जागतिक अंदाजात भारतात वर्षाला स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण धरले आहेत, आणि आपल्या देशातल्या बायकांच्या कॅन्सरमध्ये त्याचा पहिला नंबर आहे. यातली तुझी बाजू कोणती, हे तुला, मला किंवा जाऊबाईंना बोटांनी कळणार नाही. दुखत नाही म्हणून चांगली, दुखते म्हणून वाईट, असलाही काही नियम नाही.

बोटांवरून आठवलं. तुझ्या डॉक्टरीणबाईंनी "नुसतं हाताने" तपासलं म्हणून त्याला कमी समजू नकोस. मुंबईत टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून वीस वर्षं दीड लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला, सगळ्या झोपडपट्ट्यांत राहणाऱ्या. एका गटातल्या बायकांना शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी फक्त हाताने तपासत. मशीन काही नाही. त्या गटात कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडले, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांत मृत्यूंचा तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण शिकलेला हात काय करू शकतो ते त्यातून कळतं. बाईंनी हात लावून लगेच चिठ्ठी दिली, "महिनाभर ही गोळी घेऊन बघू" म्हणाल्या नाहीत. त्यांनी त्यांचं काम चोख केलं.

तुझा स्वतःचा हात मात्र आवर. मला खात्री आहे की तू दिवसातून दहादा चाचपून बघतेस. असं दाबत राहिलं की जागा हुळहुळी होते, सुजते, आणि मग "वाढली वाटतं" म्हणून जीव आणखी खाली जातो. एरंडेल चोळणं, शेकणं, कुणी दिलेला लेप लावणं, यातलं काही नको. त्याने गाठ जात नाही, वर कातडी लाल झाली की तपासणाऱ्याचा गोंधळ होतो. रात्री मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव. अंथरुणात तो नसला की निम्मी रात्र सुटते. तरीही झोप येत नसेल तर बाईंना मोकळेपणाने सांग, त्या काही दिवसांपुरतं बघतील. सासूबाईंच्या डब्यातली झोपेची गोळी घ्यायची नाही.

मावशीचं. आई किंवा सख्खी बहीण असती, आणि तीही पन्नाशीच्या आत, तर डॉक्टरांनी त्याला जास्त वजन दिलं असतं. साठीपुढे आजार झालेली एक मावशी एवढ्यावरून तुझं नशीब ठरत नाही. पण सांगायचं नक्की. आणि मिरजेला जायच्या आधी आईकडून किंवा मामांकडून माहिती काढ. माहेरी आणखी कुणाला स्तनाचा, अंडाशयाचा कॅन्सर? कितव्या वर्षी? वडिलांकडच्या आत्या, चुलत बहिणींचंही विचार, कारण हा वारसा बापाकडूनही येतो आणि लोक फक्त आईची बाजू सांगतात. घराण्यात कुणालाच नाही अशाच बायका रुग्णांत जास्त असतात. त्यामुळे कुणी म्हणालं, "आमच्यात नाही, म्हणजे काळजी नाही," तर तेही खरं धरू नकोस.

आता मिस्टर. त्यांना सांग. आजच सांग असं म्हणत नाही, पण गाडी चालवताना फोनवर सांगू नकोस. घरी येतील, जेवतील, हात धुतील, मग सांग. फिरवून-फिरवून सांगितलंस तर माणूस घाबरतो, त्यापेक्षा सरळ सांगावं. "अहो, मला छातीत गाठ लागलीय. बाईंनी बघितली, मिरजेच्या सर्जनना दाखवायला सांगितलंय. पुढच्या गुरुवारी सकाळची वेळ आहे. त्या दिवशी भाडं घेऊ नका, माझ्याबरोबर चला." एवढंच. चारही वाक्यांत रडण्यासारखं काही नाही आणि शेवटच्यात त्यांना करण्याजोगं काम आहे. पुरुषाला काम दिलं की तो सावरतो, हा माझा अनुभव. ते गप्प बसतील, कदाचित उठून बाहेर जाऊन टेम्पोची चाकं बघत उभे राहतील. त्याचा अर्थ लावत बसू नकोस. खरंच भाडं सोडता येत नसेल तर दुसरं कुणी, नणंद, मैत्रीण, मोठी भाची. पण एकटी जाऊ नकोस. तिथे डॉक्टर जे बोलतात त्यातलं निम्मं पेशंटच्या कानावर पडतच नाही, म्हणून ऐकायला दुसरं माणूस लागतं.

लग्नघरात सगळ्यांना सांगायची गरज नाही. जाऊबाईंना इतकंच, "गुरुवारी सकाळी दवाखान्यात जायचंय, तारीख आधीची आहे, चारपर्यंत येते." कशासाठी विचारलं तर "तपासणी आहे" पुरे. पन्नास पाहुण्यांत ही गोष्ट गेली की पन्नास सल्ले येतील आणि त्यातले चाळीस त्या सुईबद्दलच असतील.

तर सुई. याच्यावर जरा सविस्तर लिहिते, कारण या एका भीतीपायी वेळ घालवलेल्या बायका मी पाहिल्यात. गाठीची सुईची तपासणी दोन तऱ्हेची. बारीक सुईने थोड्या पेशी ओढून काचपट्टीवर पसरतात, ती एफएनएसी. दुसरी कोअर बायोप्सी, म्हणजे जागा बधिर करून जाडसर सुईने मांसाचे शेवयांएवढे बारीक तुकडे घेतात. हल्ली स्तनाच्या गाठीसाठी बहुतेक ठिकाणी कोअर बायोप्सी पसंत करतात, कारण गाठ वाईट निघाली तर तिच्यावर कोणतं औषध चालेल याच्या पुढच्या तपासण्याही त्याच तुकड्यांवर होतात. बधिर करण्याचं इंजेक्शन चुरचुरतं. मग त्या यंत्राचा स्टेपलरसारखा खट्‌ असा मोठा आवाज होतो. दुखण्यापेक्षा त्या आवाजानेच बायका दचकतात. तुकडा घेणाऱ्यांना आधीच सांग, "एकदा आवाज ऐकवा, मग करा." चांगली माणसं ऐकवतात.

सुईच्या वाटेत काही पेशी सरकू शकतात, हे कुणी नाकारत नाही. पण त्यामुळे आजार पसरला किंवा आयुष्य घटलं, असं दिसलेलं नाही. मग ही समजूत आली कुठून? माझ्या मते गावागावांत पाहिलेल्या अनुभवातूनच आली. माणसं आजार खूप पुढे गेल्यावर दवाखान्यात पोचत. तिथे सुई लागे, महिन्या-दोन महिन्यांत पेशंट खंगे. घरच्यांच्या लक्षात काय राहिलं? सुईच्या आधी बाई हिंडत-फिरत होती. आजार आधीच पसरलेला होता, सुईने तो फक्त दाखवला. संस्थेतल्या त्या बाईंशी वाद घालू नकोस, त्यांनीही कुणाला तरी असं जाताना पाहिलं असेल. पण त्यांचं ऐकूही नकोस.

मला सुईपेक्षा जास्त भीती दुसऱ्या गोष्टीची वाटते. "छोटीशी तर आहे, काढूनच टाकू, मग तपासायला पाठवू." हे कुणी म्हणालं तर थांब. सुईचा रिपोर्ट नसताना गाठ काढली आणि ती वाईट निघाली, तर बहुतेक वेळा दुसरं ऑपरेशन करावं लागतं, आणि स्तन वाचवून नीट ऑपरेशन करायची संधी हातची जाऊ शकते. नम्रपणे एकच प्रश्न विचार, "डॉक्टर, आधी बायोप्सी करून मग ठरवायचं का?" जाणता सर्जन या प्रश्नावर रागवत नाही.

गुरुवारी काय होईल ते क्रमाने सांगते, म्हणजे तिथे गेल्यावर बुजणार नाहीस. डॉक्टर विचारतील, गाठ कधी लागली, पाळीच्या आगेमागे बदलते का, पाळी कितव्या वर्षी आली, मुलं किती, अंगावर पाजलंय का, गर्भनिरोधक किंवा हार्मोनच्या गोळ्या घेतल्यात का. मग बसवून हात वर करायला लावतील, कमरेवर हात दाबायला सांगतील, आडवं करून दोन्ही बाजू तपासतील, दोन्ही काखा, गळपट्टीच्या हाडाची वरची जागा. फक्त दुखऱ्या बाजूवर भागवलं तर तपासणी अपुरी आहे असं समज. सर्जन पुरुष असतील तर आत सिस्टर किंवा दवाखान्यातली मावशी असायला हवी. नसेल तर "सिस्टरना बोलवा" म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. मी इतकी वर्षं त्या पडद्यामागे त्याच कामासाठी उभी होते. साडी-ब्लाउज किंवा पंजाबी ड्रेस, काहीही चालेल, पण वरचं कपडं वेगळं निघेल असं घाल. मंगळसूत्र आणि गळ्यातलं मॅमोग्राफीच्या वेळी काढावं लागतं. ते बरोबरच्या माणसाकडे दे, खिडकीवर ठेवू नकोस. त्या दिवशी काखेत-छातीवर पावडर, डिओ काही लावू नकोस. फिल्मवर त्याचे पांढरे ठिपके दिसू शकतात आणि उगाच पुन्हा फोटो काढावा लागतो. पाळी चुकली असेल तर एक्स-रे काढायच्या आधी सांग.

एक कागद लिहून ने. तोंडी सांगताना हमखास विसरतं. असा लिहिलास तरी पुरे:

"उजवी बाजू, वरचा बाहेरचा भाग, काखेकडे. अमुक तारखेला आंघोळीत लागली. तेव्हाएवढीच आहे. दुखत नाही, बोंडातून काही येत नाही. शेवटची पाळी अमुक तारखेला. दोन बाळंतपणं, दोघांनाही पाजलं. मावशीला स्तनाचा कॅन्सर, साठीनंतर. चालू गोळ्या: … ."

त्या शेवटच्या ओळीत बीपी, थायरॉइड, साखर, सगळं लिही. हृदयासाठी किंवा रक्त पातळ राहण्यासाठी कुठली गोळी चालू असेल तर तिच्याखाली रेघ मार. ती आपल्या मनाने बंद करायची नाही, फक्त सांगायची. अॅलर्जी असेल तर तीही.

मॅमोग्राफीत स्तन दोन पट्ट्यांत काही सेकंद दाबतात. नकोसं वाटतं, पण लवकर संपतं. तुझ्या वयाला बरोबर सोनोग्राफीही बहुधा सांगतील. हे दोन्ही सुईच्या आधी झालेलं चांगलं, कारण सुईनंतर आत थोडं रक्त साकळतं आणि फोटो गढूळ येतो.

आता एक गोष्ट नीट वाच, कारण हल्ली रिपोर्ट आधी व्हॉट्सअॅपवर येतो आणि डॉक्टर नंतर भेटतात. त्यात खाली 'बायरॅड्स' असा शब्द आणि पुढे एक आकडा असतो, शून्यापासून सहापर्यंत. तो आकडा म्हणजे आजाराची स्टेज नव्हे. रिपोर्टवर चार बघून "चौथी स्टेज आहे म्हणे" असं घरभर सांगितलेलं, सासूने जेवण सोडलेलं मी पाहिलंय. शून्य म्हणजे माहिती अपुरी, आणखी फोटो हवेत. एक म्हणजे फोटोत काही नाही. दोन म्हणजे दिसतंय ते साधं आहे. तीन म्हणजे बहुधा साधंच, कॅन्सर निघण्याची शक्यता शंभरात दोनपेक्षा जास्त नाही, सहसा सहा महिन्यांनी परत बघतात. चार म्हणजे शंका आहे, सुई करा. या चारात शंभरात दोनपासून पंच्याण्णवपर्यंत काहीही बसतं, म्हणून नुसत्या चारावरून काही ठरवता येत नाही. पाच म्हणजे शंका दाट. सहा म्हणजे आधीच्या बायोप्सीत ठरलेलंच आहे.

आणखी एक. हाताची तपासणी, फोटो आणि सुई, या तिन्हींचा मेळ बसायला हवा. सुईचा रिपोर्ट साधा आणि फोटो मात्र शंकेचा, असं झालं तर "बरं झालं बाई" म्हणून परत येऊ नकोस. "दोन्ही जुळत नाहीत, मग पुन्हा नमुना घ्यायचा का?" असं विचारायचं. फोटोत काही नाही पण हाताला गाठ लागतेय, तरीही तेच.

कोअर बायोप्सी झाली तर आपल्याकडे अजूनही पुष्कळ ठिकाणी नमुन्याची छोटी बाटली नातेवाईकाच्या हातात देतात, "लॅबला नेऊन द्या" म्हणून. मिस्टरांना हे आधी समजावून ठेव. बाटलीवर तुझं पूर्ण नाव, तारीख आणि 'उजवी' असं लिहिलंय का, ते तिथल्या तिथे बघायचं. आत फॉर्मेलिन, म्हणजे नमुना टिकवणारं औषध असतं. झाकण उघडायचं नाही, पाणी घालायचं नाही, टेम्पोत समोर उन्हात ठेवायची नाही, घरी नेऊन फ्रिजमध्ये तर अजिबात नाही. त्याच दिवशी लॅबला द्यायची आणि पावती घ्यायची. रिपोर्ट यायला काही दिवस लागतात, पुढच्या खास तपासण्या लागल्या तर आणखी. म्हणजे तुझं लग्नकार्य आपोआप त्या मधल्या दिवसांत पडतं. रिपोर्ट कुणी आणायचा, कधी आणायचा, हे गुरुवारीच ठरवून टाक. शुक्रवारी अक्षता पडताना मोबाइलवर पीडीएफ येऊ नये. पुढे दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं वाटलं, तर लॅबकडे मेणात बसवलेला नमुना असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. तो आणि काचपट्ट्या मागून घेता येतात. मुंबईला टाटात जायचं झालं तरी त्या लागतात.

सुई झाली तर शुक्रवारी पातेली उचलायची नाहीत, पाण्याच्या घागरी नाहीत, पंगतीत वाढायला वाकणं नाही. बसून करायची कामं घे, आहेराची वही, ओटीची ताटं. जागा काळी-निळी होईल, एक-दोन दिवस ठणकेल, घट्ट ब्लाउजपेक्षा सैल घाल. पट्टीतून रक्त थांबेनासं झालं किंवा फुगून आलं तर दवाखान्यात फोन.

पैशाचं तू विचारलं नाहीस, पण मनात असणार. तपासण्यांसाठी खिशात पैसे घेऊनच जा. दाखल व्हायच्या आधीचा खर्च सरकारी योजनेत बसेलच असं नाही. मात्र पुढे उपचार लागलेच, तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कवच आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं टेबल असतं, तिथे रेशनकार्ड आणि आधार दाखवून विचारायचं. दोन्हींवर नाव एकसारखं आहे का, एवढं आता घरी बसून तपासून ठेव. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं तिथेच अडतं. खाजगी झेपत नसेल तर मिरजेत सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे. तिथे रांग असते, पण तपासणी तीच होते.

आणि उपाशीपोटी? नाही गं. या तपासण्यांना पोट रिकामं लागत नाही. उलट उपाशी बाया सुईच्या टेबलावर भोवळ येऊन पडतात. रोजच्या गोळ्या घे, घरून पोहे-उपीट खाऊन नीघ, आणि वाट बघावी लागेल म्हणून पिशवीत पाण्याची बाटली आणि चार केळी टाक. मिस्टरांसाठीही.